नाला काया हाय

कासारखेड नगरपंचायत, वर्ष तिसरं.
विकास आराखड्यावर हरकती व सूचना,
मंगळवार, सकाळी अकरा, सभागृहात.
मी चाळीस खुर्च्या मांडल्या.
आले तीन नगरसेवक, एक किराणावाला
आणि पंख्याखाली येऊन झोपलेलं कुत्रं.
गाव त्या वेळी कापूस वेचत होतं.
इतिवृत्तात मी लिहिलं: हरकत नाही.

पंचफुला नेवारे संध्याकाळी आली,
कमरेला वेचणीची ओटी तशीच.
"अकरा वाजता कोण मोकयं रायते, साहेब?
रात्री या. आठाच्या मांगं, हापशीजवळ.
अन् तो तुमचा कागद आणा."

आठला लाईट गेली.
मोबाईलच्या उजेडात नकाशा वीतभरच दिसायचा,
उजेड जिकडे, गाव तिकडे.
"हे हिरवं काय हाय?"
"बगीचा. आरक्षण क्रमांक चौदा."
"इथं त मी रायतो," रज्जाक पिंजारी म्हणाला
आणि बाजूला सरकला,
जणू फुलांवर पाय पडला असावा.
"अन् हा निया पट्टा?"
"नाला."
"नाला काया हाय, साहेब."

मी साताऱ्याकडचा. मला ऐकू आलं: शरीर.
नाला हे शरीर आहे.
मी मान डोलावलीसुद्धा.
मग कळलं, इथे ळ चा य होतो,
डोळा डोया होतो,
आणि पाण्याचा रंग ठरतो
जिनिंगच्या मागच्या भिंतीपाशी.

कागद कुणीतरी गुंडाळून माझ्या हातात दिला.
चुलीतली राख आली, तिच्या रेघा झाल्या.
पऱ्हाटीचा रस्ता, विटेची शाळा,
घरागणिक एक सरकी.
सुकेशनी गजबे, आठवीतली, मोजत गेली:
एकसष्ट.
माझ्या कागदावर तिथे लिहिलं होतं
तुरळक वस्ती.

पंचफुलाने एक गोटा उचलून
बाभळीच्या जागी ठेवला. बाया गप्प झाल्या.
"हे काय?" मी विचारलं.
बऱ्याच वेळाने एक म्हातारी बोलली,
"अंधार पडाची वाट पाह्यतो ना आमी, थे जागा."
माझ्या सूचीत त्याला चिन्ह नव्हतं.

मग भांडण झालं. पूल कुणाच्या दारात उतरेल,
यावरून वाढई बंधू उठून गेले.
एकाला देवळापुढे कमान हवी होती,
फक्त कमान, बाकी काही नको.
साडेअकराला लाईट आली
तेव्हा सगळे एकदम थकलेले दिसले.

सकाळी पाहिलं तर
कुणाची तरी बकरी एकसष्ट घरं खाऊन गेली होती,
राखेत खुरांचे ठसे.
सुकेशनीने गणिताची वही आणली.
मागच्या पानावर सगळं उतरवलेलं,
बाभळीचा गोटासुद्धा,
फक्त शाळा जरा मोठी.

त्या पानावरून मी आराखडा नव्याने काढला.
एकसष्ट ठिपके.
गोट्याच्या जागी महिलांचं शौचालय, दोन दिवे.
बगीचा लेआउटच्या मोकळ्या प्लॉटवर सरकवला,
त्याच दुपारी अध्यक्षांच्या मेव्हण्याचा फोन आला.
ठिपके वाचले. दिवा एकच राहिला.
आणि नाला मी काळ्या शाईने भरला.

जिल्ह्याहून फाईल परतली, लाल शेरा:
नाला निळ्या रंगातच दर्शवावा.
प्रमाणित रंगसूची पाहावी.

फाईल टेबलावर आहे.
बुधवारचा बाजार करून पंचफुला येते,
पिशवीतून कांद्याची पात डोकावते.
मी तिला शेरा वाचून दाखवतो.
ती शाईच्या दोन्ही बाटल्या पाहते, मग मला.
"पयले पाणी निया करा.
मंग कागद करजा."

मी इतिवृत्त उघडतो. तारीख घालतो.
खाली लिहितो:
हरकत आहे.